कोरी नंबरप्लेट

प्रिय निवेदिता,

पत्र पाहून घाबरू नकोस. तुझी आई बरी आहे. काल वॉकर घेऊन अंगणातल्या नळापर्यंत गेली आणि मला हात लावू दिला नाही. फोनवर मी तुझ्याशी बोलायला लागलो की दोन मिनिटांत ती फोन मागते, म्हणून लिहायला बसलो.

तीन महिने मी गाडीतल्या त्या डॅशकॅमपुढे डोकं फोडतो आहे. बड्या बाजारातल्या दुकानदाराने काचेला लावून देताना सांगितलं होतं, "बाबूजी, सब चकाचक दिखेगा." दिसतंच! बरुआसागरहून परततानाच्या त्या संध्याकाळची बाभळीची झाडं दिसतात, समोरून आलेल्या ट्रॅक्टरवरचा भुसा दिसतो, तुझ्या आईच्या शालीचा काठ दिसतो. मागून येऊन, ट्रॅक्टरला चुकवायला डावीकडे घुसून तिला उडवून गेलेली पांढरी गाडीही दिसते. फक्त नंबरच्या जागी कोरी, लखलखणारी पट्टी. चौकीतल्या दरोगाजींनी क्लिप चार वेळा पाहिली आणि म्हणाले, "भाईसाहब, यहाँ तो बल्ब जल रहा है, नंबर कहाँ है?" चिडून घरी आलो. एकतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, ड्रायव्हरला लांबून दिवा ओळखता यावा म्हणून काचा पुसून घेतल्या, आणि आपल्याच गाडीत मला साधं यंत्र नीट लावता आलं नाही!

मग त्याच्या मागेच लागलो. अंधारून आलं की कॅमेरा सगळं चित्र उजळ करायला बघतो. नंबरप्लेट तर उजेड परत फेकणारी. आपल्याच हेडलाइटचा झोत पडला की तिच्यावरची अक्षरं धुऊन निघतात. त्यात दुकानदाराने एक्स्पोजर वाढवून ठेवलेलं, आणि मेमरी कार्डावर जास्त दिवसांचं रेकॉर्डिंग मावावं म्हणून मी स्वतःच रिझोल्यूशन खाली आणलेलं. ते पुन्हा सगळ्यात वर नेलं. एक्स्पोजर शून्याखाली आणलं, तर रस्ता काळा आणि नंबर तरीही पुसट. सेकंदाला तीसऐवजी साठ चित्रं घेऊन पाहिली. काच आतून पुसली, तेव्हा फडक्यावर आलेला काळा थर बघून स्वतःचीच लाज वाटली. शेजारचे गोपाळराव बिचारे रोज दिवेलागणीला आपली गाडी माझ्यापुढे हळूहळू चालवत. आठव्या दिवशी म्हणाले, "शशिकांतराव, अब बस भी करो! मोहल्लेवाले समझते हैं मैं भाग रहा हूँ और तुम पीछा कर रहे हो." मी हसलो नाही. उलट त्यांच्यावरच खेकसलो की गाडी फार पुढे नेता, चार-पाच मीटरच्या पुढे कॅमेऱ्याला काही वाचता येत नाही. ते घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा वेळेवर आले.

परवा एकदाचं जमलं. एक्स्पोजर आणखी अर्धा टप्पा खाली, हेडलाइट लो-बीमवर, आणि गोपाळरावांच्या गाडीचा नंबर असा उमटला की स्क्रूसुद्धा मोजून घ्यावेत. मी धावतच आत गेलो आणि मोबाइल आईच्या समोर धरला. ती मेथी निवडत होती. तिने नंबर वाचला, अगदी मोठ्याने, आणि मला विचारलं, "हे गोपाळराव आहेत. तुम्ही कुणाला शोधताय?"

मी मोबाइल खिशात घातला. तिने मेथीची पुढची जुडी ओढली.

निवेदिता, आई आलं घ्यायला गाडीतून उतरली होती असं तिने तुला सांगितलं. आलं आम्ही बरुआसागरलाच घेतलं होतं, पिशवी मागच्या सीटवर होती. तुझ्या बाळंतपणाला सहा महिने पुण्याला जाईन असं ती म्हणत होती आणि मी भांडत होतो. माझ्या जेवणाचं काय, माझ्या गोळ्यांचं काय, हेच सगळं. शेवटी मी गाडी कडेला घेतली आणि ओरडलो, "एवढी घाई असेल तर इथूनच जा, उतर!" ती उतरली आणि चालायला लागली. मी हेडलाइट चालू ठेवून आत बसून राहिलो, कारण तिने मागे वळावं असं मला वाटत होतं. तुला आणि चौकीवर जी क्लिप दिली ती मी सुरुवातीचा भाग कापून, आवाज काढून दिलेली आहे. मूळ रेकॉर्डिंगमध्ये माझा शब्द न् शब्द ऐकू येतो. त्या बाबतीत कॅमेऱ्यात काहीही चूक नव्हती. तो नंबर मिळाला असता तर सगळा दोष त्या गाडीवाल्याचा झाला असता, म्हणून जुन्या क्लिपमध्ये तो आता उमटणार नाही हे कळत असूनही तीन महिने धडपडलो. ते मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड या पाकिटात आहे. एकटी असशील तेव्हा ऐक. आईच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आहे. चौदा तारखेची दोन तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. आईला मी पुण्यापर्यंत आणतो. तुझ्या घरात येऊ की फलाटावरूनच परत फिरू, ते तू ऐकून झाल्यावर मला कळव.

तुझाच,
बाबा