डाव्या कानात सांगितलेलं

सोमवार, २ सप्टेंबर २०१९

आधी तक्रार, मग आनंद. गुरुवार, ७ मार्च, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझा डावा कान गेला. किटली शिट्टी देत होती ती मधेच गप्प झाली. वाफ मात्र येतच राहिली. उजवा कान शाळेत असतानाच गालगुंडांनी नेला होता, म्हणजे आता काहीच उरलं नाही. डॉक्टरांनी कानात डोकावून कागदावर 'मळ' असं लिहिलं, थेंब दिले आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. ज्या दिवसांत औषधाने कान वाचला असता, ते दिवस मी कानात थेंब घालत बसले. त्या दवाखान्याला माझी तीन पत्रं गेली आहेत. उत्तर नाही.

आता आनंद. ऑगस्टमध्ये कवटीत यंत्र बसवलं, त्याचा बाहेरचा भाग कानामागे लावायचा-काढायचा, आणि आज मी टॅरानूक गावी नव्या घरात आले. नवं म्हणजे माझा जुना कॉन्व्हेंटच. नन्स गेल्या, त्यांच्या खोल्यांची निवृत्तांसाठी घरं केली. ज्या सिस्टरने माझ्या पोटऱ्यांवर पट्टी ओढली होती, तिच्याच खोलीत माझा पलंग लागलाय. बघ म्हणावं! पलंगामागे चर्चची भिंत, खिडकीत लिंबाचं झाड, त्यावर मॅगपाय पक्षी. त्याचं गाणं अजून बरणीत खडे हलवल्यासारखं येतं. पण येतं!

गुरुवार, ५ सप्टेंबर

समोरच्या घरात डिम्फना क्विर्क राहते. चर्चमधली फुलं तीच लावते आणि दिवसभर निलगिरीच्या गोळ्या चघळते. रोज अकराला येऊन, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून शब्द वाचते. मी ते ओळखायचे. मेंदूला पुन्हा ऐकायला शिकवायचं तर दुसरा उपाय नाही. सध्या सगळ्यांचे आवाज एकसारखेच, डब्यात कोंडलेल्या बेडकाचे. विसातले चार बरोबर आले.

"अगं बाई, माझं मांजर याहून जास्त ओळखेल," डिम्फना म्हणाली. हे तिला लिहून दाखवावं लागलं. मी म्हटलं, मांजराला तुझ्या हातचे स्कोन-पाव खावे लागत नाहीत. खूप हसलो.

आधी या घरात मिसेस ट्रेगेअर होती. ठार बहिरी. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेली. डिम्फना तिचंही सगळं करायची, म्हणून घराची जादा किल्ली इथल्या ऑफिसने तिच्याकडेच ठेवली आहे. सोयीचं आहे.

शनिवार, ७ सप्टेंबर

यंत्राला एक 'टी' बटण आहे. चर्चमध्ये बहिऱ्यांसाठी भिंतीतून तार फिरवलेली असते. 'टी' दाबलं की माइकमधला आवाज तारेवाटे थेट डोक्यात, मधला गोंगाट वगळून. दुपारी पलंगावर बसून यंत्र पुसताना ते बटण दाबलं गेलं. यंत्र कानाला लावलं, तर कोणीतरी सांगत होतं की शेजाऱ्याच्या झाडाची लिंबं चोरली.

कन्फेशन! म्हाताऱ्यांची सोय म्हणून पापं कबूल करायच्या त्या पेटीतही माइक बसवलाय, आणि तार माझ्या पलंगामागून गेली आहे.

बावीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. अख्ख्या गावाच्या भानगडी माझ्या बोटांखालून गेल्या, एकदाही कान दिला नाही. आज मी शेवटच्या माणसापर्यंत ऐकलं.

शनिवार, १४ सप्टेंबर

पुन्हा ऐकलं. सराव म्हणून, असं स्वतःला सांगितलं. तोंड धुताना आरशात बघितलं नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

विसातले अकरा! दुपारी यंत्र डब्यात वाळायला ठेवून झोपले. जाग आली ती डाव्या कानाशी ऊब जाणवून. ओलसर, थांबून थांबून येणारी. खिडकी उघडी राहिली असावी. पलीकडे निलगिरीची झाडं आहेत, वासही तोच होता.

शनिवार, २१ सप्टेंबर

आता बायकांचे आणि पुरुषांचे आवाज वेगळे कळतात. एक बाई बोलत होती. तुम्हाला सांगवत नाही ते मी एका बहिऱ्या बाईच्या कानात सांगते, फादर. दुपारी ती यंत्र काढून झोपते तेव्हा जाते. तुमच्यासारखे प्रश्न विचारत नाही ती.

खिडकी बघून आले. ती रंगाने चिकटून बसली आहे. उघडतच नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

तीच बाई. माझ्या आधीच्या बाईलाही सांगायची म्हणे. एका दुपारी त्या बाईने डोळे उघडले आणि हिचे ओठ वाचले. मग हिने उशी –

पलीकडे फादर टिएन, इथले तरुण पाद्री. ते म्हणाले, पोलिसांकडे जा, त्याशिवाय क्षमा नाही. तेव्हा बारीकसा टकटक आवाज आला. गोळी दातांवर आपटल्याचा. हा आवाज मी रोज अकरा वाजता ऐकते.

पोलिसांना काय सांगू? कुठे ऐकलं म्हणून सांगू?

मंगळवार, १ ऑक्टोबर

फादर टिएन दारात आले. आत या म्हटलं, आले नाहीत.

"मिस डेव्हरू, कुलूप बदलून घ्या."

का म्हणून विचारलं.

"जुनं झालंय."

कुलूप नवंकोरं आहे, पितळेचं, चकचकीत. त्या पोराचे कान लाल झाले होते. कन्फेशनमधलं त्याला मेला तरी बोलता येत नाही, आणि मला मी ते ऐकलं हे बोलता येत नाही. जन्मभर कोणापुढे न अडखळलेली माझी जीभ. म्हटलं, "फादर, लिंबं नेता का थोडी?"

नेली बिचाऱ्याने.

कुलूपवाला पुढच्या मंगळवारशिवाय येत नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

दुपारी झोपत नाही. यंत्र काढत नाही. अकराला ती आली. मी मुद्दाम चुकले. विसातले तीन.

"परवा सतरा आले होते की गं नोरा!"

वर्तमानपत्र खाली आलं. बघत राहिली. गोळीची टकटक थांबली होती.

शनिवार, ५ ऑक्टोबर

ऐकायचं नाही ठरवलं होतं. ऐकलं.

"फादर, ती मुद्दाम चुकते. तिला सगळं ऐकू येतं. दर शनिवारी भिंतीला टेकून बसलेली खिडकीतून दिसते –"

मग आवाज मोठा झाला. माइकला तोंड लावलं असणार.

"हो ना गं नोरा?"

रविवार, ६ ऑक्टोबर

चर्चमध्ये मिसाच्या प्रार्थनेला गेले नाही. कोणत्या तोंडाने – लाज भीतीहून मोठी असते, हे कोणी शिकवलं नव्हतं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

अंघोळीपुरतं यंत्र काढलं. डब्यात ठेवलं. आता डबा रिकामा आहे.

काही ऐकू येत नाही. फोन करून उपयोग नाही. दाराला आतून खुर्ची लावली. पत्र लिहून स्वतः ऑफिसात नेते, पोलिसांनाही एक प्रत –

'व्यवस्थापक यांस. माझ्या घराची किल्ली मला न विचारता मिस क्विर्क यांच्याकडे का ठेवली? मिसेस ट्रेगेअर यांच्या मृत्यूची चौकशी व्हावी. मला हे कळलं ते –'

खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

'– कळलं ते चोरून ऐकून. पाच शनिवार मी लोकांची कन्फेशन्स ऐकली. मला त्याची लाज वाटते. तरीही हे खरं आहे.'

लिहिलं.

न्हाणीघराचं दार लागलेलं दिसतंय. मी ते लावलं नव्हतं – लावलं होतं का?

'शुक्रवार, ११ ऑक्टोबर, दुपारी बारापूर्वी मला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. तोंडी चालणार नाही, कारण मला आता ऐकू –'

न्हाणीघराचं दार आता उघडं आहे.

निलगिरी. डाव्या कानाशी ऊब. काहीतरी सांगते आहे, सांगतेच आहे – मान वळवली तर ओठ दिसतील – वळवणार नाही, मला काही कळत नाही, डिम्फना, मला काही –

'लेखी उत्तर. शुक्रवार. बाराच्या आ