शंभर टक्के दमटपणा

ति. ताईस,

धाकट्याचा अर्धाच वाकून नमस्कार. (पुरता वाकता येत नाही, कारण खाली येईल.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी बरे आहेत ना? त्यांची चौकशी मुद्दाम करतो आहे.

हवामान केंद्रावरच्या माझ्या उमेदवारीला तीन आठवडे झाले. इथे पांढऱ्या जाळीच्या पेटीतला पारा वाचायचा तो डोळा त्याच्या रेषेत आणून. पेटी बेतलेली साहेबांच्या उंचीवर, आणि मी पडलो ताडमाड, म्हणून कंबर धरली. वाऱ्याचा बाण जिकडे तोंड करतो तिकडून वारा येतो, हे कळेपर्यंत दोन दिवस मी सगळा वारा उलटा लिहिला. (साहेबांनी पोटात घातलं. माणूस देव आहे, फक्त ओरडतो फार.)

खरी फजिती पुढेच झाली. पेटीत दोन तापमापक असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला मलमलची चिंधी बांधून तिचं शेपूट पाण्याच्या वाटीत सोडतात. चिंधीतलं पाणी सुकतं तसा हा ओला थंड पडतो. दोघांत फरक जितका कमी, तितकी हवा दमट. चिंधी बदलायचं काम माझ्याकडे आलं आणि मी छान पांढरीशुभ्र बांधली. त्या दिवसापासून दोघांत फरक म्हणून नाही! मी आपला रोज तक्त्यात तो फरक बघून दमटपणा शंभर टक्के लिहून मोकळा. माझे ओठ फुटले होते, पंचा दहा मिनिटांत वाळत होता, पण तक्त्यापुढे बोलायची माझी काय टाप! पाचव्या दिवशी मुख्य कचेरीतून फोन आला, "तुमच्याकडचं धुकं कधी हटणार?" साहेब तेव्हा भर उन्हात डोक्यावर रुमाल टाकून उभे होते. त्यांनी येऊन चिंधी चिमटीत धरली. कापड खळीने कडक. पाणी वर चढेल तर शपथ! आता शुक्रवारी ते स्वतः माझ्या नोंदी तपासणार. चुकल्या तर सामान बांधायचं. ताई, मला हे काम मनापासून आवडलंय गं. सकाळी पेटीचं दार उघडताना अजून छाती धडधडते.

तुझा,
धाकटा

ता. क. : इथल्या साठ्यातली मलमल संपली आहे. तेव्हा कापडाची खळ पुरती कशी काढायची, ते उलट टपाली कळव. तुझ्याइतकी कडक खळ आपल्यात कोणी घालत नाही, म्हणून तुलाच विचारतो.

ता. क. २ : होय, तीच तुझी ओढणी, चिंधीसाठी गेल्या खेपेला तुमच्याकडून आणलेली. एक वीतच कमी झाली आहे. ती हरवली म्हणून भावोजींशी धरलेला अबोला आता सोड.

ता. क. ३ : अगदी लगेच नको सोडूस. कात्री त्यांनीच दिली. त्या ओढणीला इस्त्री करायचं काम त्यांच्याकडे असतं ना, तेवढीच सुटका.