दीड तासापुरते बाबा

कराकोल, फेब्रुवारी

प्रिय तालाय,

फोन तू घेत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या एर्मेकच्या हाती देते आहे. सोमवारी तो ट्रक घेऊन तुमच्याकडेच निघालाय. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

इकडे तलावावरून सारखा वारा सुटलेला असतो. शाळेतून येताना मी बाजारातून अश्ल्यान-फू घेऊन येते. असल्या गारठ्यात त्या गार, आंबट-तिखट शेवया चवीनं खाणारे बाबा एकटेच. जेवणाचं त्यांचं अजून ठीक आहे.

बाबांना कसले सिनेमे आवडायचे, आठवतं तुला? गोष्टीत जेवढा वेळ जातो तेवढाच बघणाऱ्याचा जातो, असले. एक बस घाट चढते, पलीकडे उतरते, संपला सिनेमा. दवाखान्याबाहेर बाकावर नवरा, आत बाळंतीण. रडणं ऐकू आलं की संपला. तू कंटाळून माझ्या खांद्यावर झोपायचास. आई म्हणायची, गुरांच्या डॉक्टरला गाभण गाईशेजारी बसून राहायची सवय, त्याला दुसरं काय रुचणार. बाबा नुसते हसायचे. म्हणायचे, बाकीच्या सिनेमांत 'दहा वर्षांनंतर' असं लिहून येतं. मधली दहा वर्षं ती माणसं काय खात होती, ते कुणी सांगायचं?

आता तर त्यांना दुसरं काही बघवतच नाही. पडद्यावरची पोर पुढच्या क्षणी म्हातारी झाली की घाबरतात, हिचं काय केलंत म्हणून मलाच विचारतात. पण ते जुने सिनेमे लावले की शांत होतात. त्यात वेळ कुठे तुटत नाही, म्हणून बाबांचा धागाही तुटत नसावा. सगळ्यात लाडका तो घोडीचा. डोंगरातला तंबू, सासरा आणि सून, अडलेली घोडी, शिंगरू उभं राहीपर्यंत. बाबा त्या सुनेला सांगत बसायचे, "ओढू नकोस बाई, कळ येऊ दे." त्या दीड तासात ते मला नावानं हाक मारायचे. तेवढ्या वेळात मी कुठलंही काम काढत नसे, नुसती शेजारी बसायची.

तू उन्हाळ्यात आलास. दारात बॅग घेऊन उभा राहिलास, आणि बाबा उठून तुला "या, बसा" म्हणाले. पाहुण्यापुढे धरावा तसा पाव पुढे केला, गाव कुठलं म्हणून विचारलं. तू पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकलास, गावही सांगितलंस, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं निघालास. गाडीत चढताना एवढंच म्हणालास, "ताई, मला माझ्या बापानं अहोजाहो केलं." त्यानंतर तू फोन घेणं सोडलंस, तेही मी समजू शकते.

नव्या वर्षाच्या जरा आधीची गोष्ट. घोडीचा सिनेमा चालू होता, शिंगराचे पाय नुकते दिसले होते. बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बुरुल, उन्हाळ्यात आला होता तो आपला तालाय ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "पोरगं दारात उभं, आणि मी त्याला गाव विचारलं. किती लागलं असेल त्याला. त्याला सांग, बापाला ठाऊक आहे तू कोण ते."

मी तिथंच तुला फोन लावला. सिनेमा संपेपर्यंत लावत राहिले. वाटलं, तू एकदा घेशील आणि तेच बोलतील. शिंगरू उभं राहिलं, पडद्यावर नावं आली. बाबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कुणाला फोन लावताय?"

त्यानंतर तो सिनेमा मी रोज लावला. बाबा बघायचे, पण तुझं नाव पुन्हा निघालं नाही. काल घोडी पडद्यावर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कुठलं जनावर?" आयुष्यभर ज्यांनी घोड्यांच्या पोटाला कान लावला, त्या बाबांनी. मी टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तालाय, तो निरोप आता बाबांपाशी नाही, फक्त माझ्यापाशी उरलाय. म्हणून लिहायला बसले. तू ये किंवा नको येऊस. ओळखीच्या आशेनं मात्र येऊ नकोस, ती आता माझ्याही वाट्याला नाही. पण त्यांनी तुला ओळखलं होतं रे. उशिरा ओळखलं, पण ओळखलं.

तुझीच,
बुरुलताई