खाडीकाठची बिनविरोध निवडणूक

सिडको, नाशिक
६ फेब्रुवारी २०२६

ती. उज्वलामावशीस,
यशश्रीचा शि. सा. न. वि. वि.

समाधानभाऊंच्या टेम्पोतून वांगी आणि तुझं पत्र दोन्ही पोचलं. वांगी आईने लगेच भरली. फोनवर मी नुसतं हो-नाही करते आणि खरं काय ते कागदावरच लिहिते, हे तू मला शाळेआधी घरी पाटी घेऊन बसवायचीस तेव्हापासून ओळखून आहेस. म्हणून फोन असूनही हे पत्र.

दिवाळीत तुझ्या मोबाइलवर मी तो नीलद्वीपचा खेळ बसवून दिला होता ना, ज्यात आपण एका काल्पनिक देशाचे नागरिक होतो, कामाला जातो, पाव विकत घेतो, कर भरतो, त्याच देशाच्या संसदेत मी खाडीकाठ मतदारसंघाची खासदार आहे. हसू नकोस. घरात मी आमटीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलत नाही, पण तिथे मी बोलले की लोक ऐकतात. आता महिन्याची मुदत संपली आणि पुन्हा निवडणूक आली. माझ्यासमोर तनय म्हणून एक मुलगा उभा आहे. स्वतःला सेनापती म्हणवतो. राहतो मात्र ओझरला, वडील विमानाच्या कारखान्यात आहेत असं त्यानेच लिहिलंय.

नव्या नागरिकांच्या पावावरचा कर काढून टाकावा असं माझं विधेयक आहे. बिचारे येतात, पगारात पाव परवडत नाही, उपाशी राहून देश सोडून जातात. त्यावरचं मतदान पुढच्या आठवड्यात आहे. तनय आला तर तो कर वाढवून लढाऊ जहाजं घेणार. माझी जागा गेली तर विधेयक गेलंच.

मी जाहीरनामा काढला. आधी स्वतःच्या चुका प्रामाणिकपणे लिहिल्या: एकदा वीज गेल्यामुळे सभेला गैरहजर, एकदा घाईत भलतंच बटण दाबलं, वगैरे. तो वाचून माझ्याच एका पाठीराख्याने विचारलं की हा जाहीरनामा विरोधकांनी छापलाय का. तेव्हापासून जेवण जात नाही. तू सरपंच होतीस, काहीतरी सांग.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो निकालानंतरही तेवढाच राहावा.

तुझी,
यशश्री

*

बोरवस्ती, सायखेड्याजवळ
९ फेब्रुवारी

चि. यशश्रीस,
उज्वलामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी जेव. उपाशी नागरिकांसाठी भांडणारी खासदार स्वतःच उपाशी, हे काही शोभत नाही.

अगं, आपल्या चुका विरोधकाने सांगायच्या असतात. त्याचं काम आपणच केलं तर तो बिचारा काय करणार? आणि मुळात निवडणूक लढवायची नसते, उरकायची असते. आमच्याकडे चार जाणती माणसं समोरच्याच्या घरी जातात, चहा पितात, त्याला कशाचा तरी मान देतात आणि सगळं बिनविरोध होतं. खर्च वाचतो, भाऊबंदकी वाचते. माझी सरपंचकी तशीच झाली होती. महिला राखीव जागा, गोटीराम पाटलांच्या सुनेने अर्ज मागे घेतला आणि आम्ही तिला हळदीकुंकवाचा पहिला मान दिला. तो अजून चालू आहे. तिला आता गुडघे वाकवून बसवत नाही, तरी येते.

तर ओझरला माझ्या नणंदेची जाऊ विठाबाई राहते. तिला विचारलं, तर तिच्याच गल्लीत तनय निघाला. त्याच्या आईचं नाव वत्सलाबाई. बाई चांगल्या आहेत म्हणतात, फक्त मुलगा दार लावून दिवसभर अभ्यास करतो म्हणून काळजीत असतात. उद्या द्राक्षाची पेटी घेऊन जाते. तनयला काय द्यायचं तेही ठरवलंय: तू निवडून आलीस की संरक्षण खात्यासाठी त्याची शिफारस करायची.

आणखी एक. तुझा अर्ज एखाद्या बारीकशा कारणाने बाद झाला तर पंचाईत नको, म्हणून शेवटच्या दिवशी मीपण डमी अर्ज भरून ठेवलाय. घरातला एक डमी लागतोच. माघारीच्या दिवशी काढून घेईन.

हे विचारत होते की त्या देशात पाऊस कसा आहे. मी म्हटलं बरा आहे.

आईला सांग, पुढच्या खेपेला मेथी पाठवते. आशीर्वाद आहेतच, त्यात खाडीकाठचेही धर.

तुझी,
उज्वलामावशी

*

नाशिक
११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
यशश्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल हातात पडलं तेव्हा तू ओझरच्या एसटीत बसलेली होतीस. मी फोन केला, तर तो काकांनी उचलला. म्हणाले, मावशी मोबाइल चार्जिंगला विसरून प्रचाराला गेलीय.

दुपारी तनयचा मला निरोप आला. तो फार दुखावलाय. त्याने लिहिलंय, की दारात एक बाई द्राक्षं घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, तुमच्या सेनापतींना जरा बोलवा. आईने विचारलं कोण सेनापती. मग सगळंच बाहेर आलं, अभ्यासाचं दार, जहाजं, सगळं. वत्सलाबाईंनी तुझी ओटी भरली, शब्द दिला आणि त्याला समोर बसवून माघार घ्यायला लावली. नीलद्वीपच्या इतिहासात सेनापतीला आईने हरवल्याचं आजवर कधी घडलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं आहे.

मावशी, तूच मला शिकवलंयस की दुसऱ्याच्या पाटीवरचं पुसून आपलं गणित बरोबर येत नाही. अशा खुर्चीत मला कसं बसवेल? आणि खातं देण्याचं कबूल करून माघार मिळवणं म्हणजे तर लाचच. मी त्याची माफी मागितली आणि माघारीची वेळ संपायच्या आत माझाही अर्ज काढून घेतला. त्याला म्हटलं तू पुन्हा भर. तर नव्याने अर्ज घेत नाहीत, आणि घेतले असते तरी आई ओटी भरून बसलीय, असं तो म्हणाला.

तुझा डमी तू निघण्याआधीच काढला असशील, म्हणजे आता खाडीकाठला कोणीच नाही. पावाचं विधेयक बुडालं. यादी उघडून बघायचीही माझी हिंमत नाही. मी तुझ्यावर रागावलेली नाही, म्हणजे थोडी आहे, पण तो राग आहे हे कळवणं मला योग्य वाटलं.

राग आणि लोभ दोन्ही आहेत. त्यातला लोभ तेवढा ठेवून घ्यावा.

तुझी,
यशश्री

*

बोरवस्ती
१६ फेब्रुवारी

चि. यशश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचेपर्यंत मी निवडून आले होते.

डमी अर्ज माघारीच्या दिवशी काढायचा असतो, हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी मी वत्सलाबाईंच्या स्वयंपाकघरात होते, आणि त्या जेवल्याशिवाय सोडीनात. घरी येऊन मोबाइल पाहिला तर ‘उज्वला बोरवस्तीकर, खाडीकाठ, बिनविरोध’. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी अभिनंदन केलंय. मी सगळ्यांना आशीर्वाद कळवले.

तनयची माफी मीही मागितली. पोराचा अपमान करायचा हेतू नव्हता. शिफारस मात्र केली, कारण शब्द मी दिला होता, तू नाही. तो आता संरक्षण खात्यात आहे आणि संध्याकाळी दोन तास दार उघडं ठेवून अभ्यास करतो. वत्सलाबाई खूश आहेत.

शनिवारी तुझ्या विधेयकावर मतदान झालं. तू लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं, मग ‘होय’ दाबलं. काठावर का होईना, मंजूर झालं. तुझी माणसं आता पाव खातील.

आता तुला एक सांगते. मी सरपंच होते म्हणून तू मला सल्ला विचारलास. पण पाच वर्षं खुर्चीत हे बसायचे. मी सह्या करायचे आणि ग्रामसभेला चहा द्यायचे. कुठल्या ठरावावर सही केली ते कधी कधी मला गावात ऐकून कळायचं. त्या दिवशी निकाल कळल्यावर हे पोट धरून हसले. मग खुर्ची ओढून शेजारी बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, आण तो मोबाइल, तुला जमायचं नाही, पासवर्ड सांग.

सांगितला नाही. चहा त्यांनी केला. साखर जास्त झाली होती, पण मी काही बोलले नाही.

तुझा राग पोचला, तो योग्यच होता. आशीर्वाद सरकारी कामातूनही चालू राहतील.

तुझी,
उज्वलामावशी, खासदार

*

नाशिक
१८ फेब्रुवारी

मा. खासदार उज्वलामावशीस,
खाडीकाठची एक नागरिक यशश्री हिचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. मी चहाच्या ओळीपर्यंत आले तेव्हा तिने बाबांकडे पाहिलं आणि बाबा उठून गॅलरीत गेले.

विधेयकाबद्दल तुझे आभार कसे मानू कळत नाही. आज बाजारात पाहिलं तर नव्या नागरिकांनी सगळा पाव संपवलाय. मी जेवते आहे. काल आमटीत मीठ कमी होतं, ते मी सांगितलं.

एक गोष्ट आधीच कळवणं मला योग्य वाटतं, मागाहून तुला दुसऱ्याकडून कळू नये. पुढच्या महिन्यात मी पुन्हा उभी राहतेय, तुझ्याविरुद्ध. या वेळी जाहीरनाम्यात तुझ्या चुका लिहीन. सध्या एकच सापडली आहे, साखरेबद्दल न बोलल्याची.

आणि द्राक्षाची पेटी घेऊन आमच्याकडे येणार असशील तर जरूर ये. आईला सांगून ठेवलंय, मावशीला जेवू घालायचं, ओटी भरायची, पण शब्द द्यायचा नाही.

लोभ आहे. मताची मात्र आशा ठेवू नये.

तुझी,
यशश्री