प्रभुभोजनाचा बिल्ला

उत्तम शुक्रवार, ३ एप्रिल १९३१

उपास. लांबलचक उपासना. ऊन मी म्हणतंय. शांती शेजारी बसली होती. गळा गोड, पण देशावरची असल्यामुळे आमच्या चाली तिला अजून जड जातात. आमच्या मुलाला, शमुवेलला, मुंबईहून रजा नाही, म्हणजे ईस्टरला सून एकटीच. लग्नानंतर इथल्या मंडळीत तिचं हे पहिलंच प्रभुभोजन. तिचं पांढरं लुगडं नीळ घालून वाळत टाकलं. नर्स सून केली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी परवा बघावं तिच्याकडे.

शनि. ४ एप्रिल

दुपारी राजिवड्याहून हसनमियां तांडेल धावत आला. अंगणातूनच हाक, "बाय, चल गो लवकर! सून अडलीय. सुइणीनं हात टेकलेन." शांतीनं पिशवी उचलली. ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पाचाला तयारीची उपासना आहे." "माहीत आहे, मामंजी," म्हणाली आणि गेली.

पाचाला घंटा ह्यांनीच वाजवली. मंडळीच्या कारभाऱ्यांतले, चर्चचे वडील ना! घंटेची दोरी ह्यांच्याकडे, बिल्ल्यांची थैलीही ह्यांच्याकडे. जुन्या मिशनरी साहेबांपासूनची रीत: शनिवारी तयारीला बसेल त्याला शिशाचा बिल्ला, आणि रविवारी बिल्ला देईल त्यालाच प्रभूच्या मेजावरची भाकर. बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसायचं, सगळ्यांच्या देखत.

शांती दिवेलागणीला आली. लुगड्याला रक्त, तोंडावर हसू. मुलगा. आडवा होता, पण मायलेक सुखरूप. वाढताना ह्यांना म्हटलं, "हिचा बिल्ला ठेवलात ना बाजूला?"

"तयारीला नव्हती ती."

"अहो, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करताना प्रभूनं, आज शब्बाथ, विसाव्याचा दिवस, उद्या ये म्हणून सांगितलं होतं का?"

"घरच्या सुनेला दिला तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

शांती म्हणाली, असू दे आई, बसेन मागे. पण ताटातला भात तसाच.

ईस्टर, रवि. ५ एप्रिल

केलं एकदाचं. चर्चच्या पायरीवर माझा बिल्ला तिच्या मुठीत कोंबला. "आई, आणि तुमचं?" म्हटलं, माझे गुडघे धरलेत, मागच्या बाकाला टेकायला भिंत आहे.

हे बिल्ले गोळा करत आले. शांतीनं मूठ उघडली. हे थबकले. बिल्ला पुढे केल्यावर नाही कसं म्हणणार? घेतला. मग मान वर करून मागे बघितलं. मी होतेच.

भाकर फिरली, प्याला फिरला. मी हात मांडीवर ठेवून बसले. लग्न होऊन इथे आल्यापासून कधी चुकलं नव्हतं. रडू आलं, खोटं कशाला लिहू. पण पुढे शांतीची ताठ पाठ दिसत होती, आणि अख्ख्या चर्चमध्ये माझ्याइतकी श्रीमंत बाई नव्हती.

घरी आल्यावर: "रीतीचा खेळ केलास तू."

"रीत मोडली कुठे? बिल्ला होता, तुम्हीच घेतलात."

बोलणं बंद.

सोम. ६ एप्रिल

हसनमियां टोपलीभर बांगडे ठेवून गेला. शांतीला म्हणाला, "बाय, तुज्यामुलं घर ऱ्हायला." तिखलं केलं. ह्यांनी दोनदा घेतलं. तोंडानं मागितलं नाही, ताट पुढे सरकवलं. वाढलं मी. माशाशी कसलं भांडण?

रवि. १२ एप्रिल

शेजारची रूथबाई म्हणते, "तुम्हाला मागे बघून जीव तुटला हो." म्हटलं, तिथून सगळ्यांच्या पाठी छान दिसतात, एकदा बसून बघा. गेली फणकाऱ्यानं.

शनि. २० जून

वडीलवर्गाची सभा. ठराव झाला: प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी शांतीनं बाळंतपणाला जाऊ नये. गेली तर बिल्ला नाही. आणि दुसऱ्याचा बिल्ला चालणार नाही. म्हणजे हे शेवटचं खास माझ्यासाठी! ह्या वयात माझ्या नावाचा नियम झाला, पेढे वाटायला हवेत.

ह्यांना विचारलं, "तुम्ही काय बोललात?"

"गप्प बसलो."

"शोभलं."

चिडले फार. शांती मात्र शांतपणे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाई अडली तर मी जाणार, आई. बसवू देत मागे जन्मभर." आणि मग हळूच, "मला तिथे बसायचं नाहीये हो." मी तिला जवळ घेतलं. हे पडवीत होते. ऐकलं असणार.

शनि. ४ जुलै

उद्या प्रभुभोजन. आणि नेमकं आजच, जेवणं आटोपताहेत तोच भाट्याहून माणूस. खाडीपलीकडची भंडाऱ्याची पोर, पहिलटकरीण, सकाळपासून अडलेली. शांतीनं पिशवी उचलली आणि ह्यांच्याकडे बघितलं. मी पदर खोचून तयार. आज एक शब्द जरी बोलले असते तर...

हे उठले. खुंटीवरची स्वतःची छत्री काढून तिच्या हातात दिली. "होडीत मधोमध बस गो. पाणी चढलंय." बस, एवढंच. ती गेली.

पाचाला अजून अवकाश होता तेव्हा हे माझी फाटकी छत्री घेऊन बाहेर पडले. बिल्ल्यांची थैली कोटाच्या खिशात. मला वाटलं चर्चला निघाले. रूथबाई आत्ता सांगून गेली, हे तरीवर उभे आहेत, होडी लागते तिथे, पावसात. तिनं विचारलं तर म्हणाले म्हणे, "माणसं यायची आहेत अजून. सगळी आल्याबिगर घंटा कशी वाजवू?"

अगो बाई! हे आमचे! घंटा नाही तोवर तयारी सुरू नाही, म्हणजे शांतीची चुकलीच नाही!

पाच कधीच वाजून गेले. मंडळी चर्चमध्ये ताटकळलीय. पाळक साहेबांचा निरोप दोनदा आला, घंटा का नाही? दुसरा कुणी वाजवील असं नाही. दोरीला हात लावायची कुणाची छाती नाही. मी सांगून पाठवलं, तरीवर जाऊन विचारा. वडीलवर्गातले दोघे तावातावानं तिकडेच गेलेत. काय होईल देव जाणे.

पांढरं लुगडं काढून ठेवलंय तिचं. ह्यांच्यासाठी कोरडं धोतर, आल्याचा काढा चुलीवर. मी अजून कपडे बदलले नाहीत. घंटा होईल तेव्हा निघेन.

पाऊस धरून आहे. होडी अजून पलीकडेच आहे म्हणतात.