माझ्या सेवेची दखल

३ मार्च, सोमवार
बाबांना दवाखान्यात नेलं. म्हणजे बायकोने नेलं, मी पुढे बसून रस्ता दाखवला. डॉक्टरीणबाईंनी बाबांना तपासलं आणि मग बायकोलाच विचारत बसल्या. झोप होते का, कंबर किती दुखते. मला एक अक्षर नाही. बाबांनी अंथरूण धरल्यापासून घरातली सगळी सूत्रं मी हलवतोय. हा अपमान गिळणार नाही.

४ मार्च
सूड. वरपर्यंत तक्रार करणार. मसुदा मनात तयार आहे. बायकोला ऐकवत होतो, तर म्हणाली, बाबांची कूस बदलतेय, जरा पाय धरता का. लिंक तुटली.

७ मार्च
दवाखान्यातली नर्स घरी आली. बाबांना उचलताना कंबर कशी सांभाळायची ते बायकोला शिकवलं. म्हणाली, असंच चाललं तर तुम्हीच आडव्या व्हाल, मग यांचं कोण करणार? मी आहे, म्हटलं. काय काय करता, तिने विचारलं. देखरेख, मी सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. तक्रारीत आता नर्सही. लिहायलाच बसणार होतो, चष्मा सापडेना. बायकोला उठता आलं की शोधून देईल.

१० मार्च, दुपार
दवाखान्यात एकटा जाऊन बाईंना तोंडावर सुनावलं. काळजी घेणाऱ्याची विचारपूस करता ना, मग माझी कोण करणार? चहा वेळेवर नाही, इस्त्रीचा पत्ता नाही, ही रात्री बाबांसाठी उठते तेव्हा दिवा लावते. माझ्या झोपेचं खोबरं. बाईंनी विचारलं, तुमचं सगळं कोण बघतं? म्हटलं, अर्थात बायको. बाई गंभीर झाल्या. तुम्हाला विश्रांतीची सक्त गरज आहे, आठ दिवस बहिणीकडे जा, म्हणाल्या. शेवटी आल्या ना वठणीवर.

११ मार्च
बहिणीकडे. आता बायकोला कळेल. दोन दिवसांत रडत फोन करेल. पहिल्या फोनला हो म्हणणारच नाही.

१५ मार्च
फोन नाही. भलतीच ताठ आहे. मीही कमी नाही.

१९ मार्च
फोन आला, पण बहिणीला. वहिनीची कंबर पुष्कळ मोकळी झाली, दुपारी चक्क झोप लागते, असं तिने मला सांगितलं. बाबाही पोटभर जेवतात. डॉक्टरीणबाई खूश आहेत. उपचार लागू पडला, आणखी महिनाभर तोच चालू ठेवा म्हणाल्यात. कसला उपचार, मी विचारलं. बहिणीने विषय बदलला.

तिने त्याच बाईंची उद्याची अपॉइंटमेंट घेतली आहे. चार दिवसांपासून तिचीही कंबर धरली आहे म्हणे.