हिमवानाच्या हातची झारी

चि. सौ. बजाबाईस,

सोलापूरहून हिंदुरावदादाचे पोतंभर आशीर्वाद. तुझे गुडघे, दाजींची साखर आणि शेतातला ऊस, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोनवर तू "दादा, मुद्द्याचं बोल की" म्हणतेस, आणि माझा मुद्दा नेहमी शेवटी येतो, म्हणून पत्र. माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी, मनाच्या मानाने यथातथा. दाढी वाढवली आहे. दूधवाल्याने परवा हळूच विचारलं, "कोण गेलं ओ, काका?" कुणी नाही म्हटल्यावर त्याचा थोडा हिरमोडच झाला.

दाढीचं कारण असं. इथल्या वस्तुसंग्रहालयात भुवनेश्वरी नावाची एक कलावंत मुलगी काही महिने मुक्कामाला आली आहे. (चित्रकार म्हणावं तर हातात कुंचला नाही, कॅमेरा.) देवादिकांची जुनी चित्रं घ्यायची, तशीच्या तशी जिवंत माणसं उभी करायची आणि त्यांचा व्हिडिओ काढायचा, हे तिचं काम. माणसांनी हलायचं नाही. बघणाऱ्याला आधी चित्रच वाटतं, मग कळतं की चित्र श्वास घेतंय. मी तिथे दुपारचा पंख्याखाली बसायला जातो. शिवपार्वतीच्या लग्नाच्या चित्रासमोर मला पाहून ती म्हणाली, "काका, तुमचा चेहरा अगदी हिमवानाचा आहे." शाळेत कवितेला चाल लावल्याबद्दल गुरुजींनी पाठ थोपटली होती, त्यानंतर माझं असं कौतुक कुणी केलेलं आठवत नाही.

चित्रात हिमवान पार्वतीच्या ओंजळीवर झारीने पाणी सोडतोय. शेजारी त्याची बायको मेना होती, पण भिंतीची ओल लागून तिचा रंग पोपडे धरून गळून गेला. एक बांगड्यांचा हात तेवढा उरलाय. भुवनेश्वरी म्हणाली, ती जागा रिकामीच ठेवायची. मी म्हटलं, ठेवा, मला सवय आहे.

तुला आठवत असेलच. माझ्या वैजूच्या लग्नात तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. विधुराने कन्यादानाला बसायचं नाही असं चारचौघांनी ठरवलं आणि तू नि दाजी बसलात. कुणाचं काही चुकलं नाही. मी मांडवामागे भाताच्या पातेल्यापाशी उभा होतो, वाफेतून जेवढं दिसेल तेवढं बघत. मंगलाष्टकसुद्धा रचून खिशात ठेवलं होतं, शार्दूलविक्रीडितात. (गुरुजींनी छडीच्या तालावर बसवलेलं वृत्त, अजून गण बोटांवर मोजता येतात.) भटजींना पुढच्या लग्नाची घाई होती, ते खिशातच राहिलं.

तर चित्रीकरण. रिक्षावाला शंकर झाला होता, नर्सिंगला शिकणारी शिवलीला पार्वती, आणि मागे वऱ्हाडी म्हणून गल्लीतली मंडळी, मुठीत अक्षता घेऊन. सगळ्यांनी स्तब्ध राहायचं आणि अगदी शेवटी, भुवनेश्वरीने खूण केली की, एकच गोष्ट हलायची: माझ्या झारीतली धार. चित्रात देवही जे करणार नव्हते ते मी करणार होतो. पण स्तब्ध उभं राहिलं की बजे, माणसाच्या आत काहीतरी चालायला लागतं. समोर ओंजळ, बाजूला रिकामी जागा. माझे ओठ कधी हलले मला कळलंच नाही. "माझी लेक निघे सुखे परघरी, मागे उभा मी इथे." चारही चरण झाले. आणि अंगवळणी पडलेलं ते शेवटचं, "शुभमंगल सावधान."

झालं. आपली माणसं ती. सावधान ऐकलं आणि मुठी उघडायच्या राहिल्या, असं कधी झालंय? सगळ्या चित्राने एकदम अक्षता टाकल्या. शंकराने मान खाली घालून त्या झेलल्या. मागून वऱ्हाडातली सुंदरम्मा ओरडली, "वाजवा की ओ, वाजंत्री कुटं मेली?" भुवनेश्वरी कॅमेऱ्यामागे डोकं धरून बसली. धार पडलीच नाही. कॅमेऱ्यातही मी झारी हातात घेऊन मागेच उभा.

पोरगी मोठ्या मनाची. येत्या रविवारी पुन्हा करू म्हणाली, पण त्यानंतर तिचा मुक्काम संपतो. मी तोंडात सुपारी धरून उभा राहणार आहे. बाकी सर्व क्षेम. थोरांस नमस्कार, लहानांस गोड पापा.

तुझा
हिंदुरावदादा

ता. क. संग्रहालयाची झारी प्लास्टिकची आहे, सोनेरी रंग दिलेली. वैजूच्या लग्नातली तांब्याची झारी तुझ्याकडे असेल. पार्सलने नको, चेपते. वैजू तुझ्याच गल्लीत राहते, तिच्याच हाती पाठव.

पुन्हा ता. क. शिवलीला रविवारी येणार नाही. तिचं लग्न ठरलंय आणि सासूबाई म्हणतात, खोट्या लग्नाचं का होईना, पाणी हातावर पडलं तर खऱ्या वेळी काय सोडायचं? तेव्हा पार्वतीची जागा मोकळी आहे. वैजू चाळिशी ओलांडून गेली, पण भुवनेश्वरी म्हणते पार्वतीला वय नसतं. एकदा दिलेली लेक पुन्हा देता येते का, हे तेवढं भटजींना विचारू नकोस. वैजूला म्हणावं, दादांचं बीपी वाढलंय. लगेच निघेल.

शेवटचं ता. क. बीपी ठीक आहे. दाजींना सांग, मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी त्यांनी धार अगदी नीट धरली होती, एक थेंब बाहेर सांडला नाही. वाफेतूनही दिसत होतं.